चिंचेखालचे चौकोन

वत्सला,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडबाई म्हणून पहिलं भाषण माझं. तू कुठे जन्मलीस, फायनल परीक्षा कधी पास झालीस, किती वर्षं नोकरी केलीस, सगळं सांगितलं. तू मनमिळाऊ होतीस असंही म्हणाले. तू आणि मनमिळाऊ! समोर बसलेल्या सातवीच्या दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. तू मायाळू होतीस, हट्टी होतीस, कुणी खोटं बोललं तर दोन दोन दिवस त्याच्याकडे न बघणारी होतीस. शेवटी सगळ्या उभ्या राहिल्या, थोडा वेळ शांत राहिल्या आणि आपापल्या घरी गेल्या. मला बोलायचं होतं ते तसंच राहिलं. ते इथे लिहिते.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आपण भेटलो तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि नवरा प्लेगात जाऊन चार वर्षं झाली होती. वसतिगृहातल्या मुली माझ्याशी हलक्या आवाजात बोलत. मी खोलीत आले की त्यांचं हसणं थांबे. तू दुसऱ्याच दिवशी सकाळी मातीचं मडकं घेऊन दारात उभी राहिलीस. "तू इंदू ना? लवकर चल, उजेडात. ह्यांना पाय फुटलेत."

मडक्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं होती. आपण दोघी पायरीवर बसून त्यांच्या मागच्या पायांकडे पाहत राहिलो, आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस की माझं कपाळ असं का. चार वर्षांत माझ्याकडे कीव न करता बघणारी तू पहिलीच. त्या सकाळी मला तू आवडलीस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मैत्रिणी असं कुठे सांगत बसतात?

तुझे वडील हरसूलला जंगलखात्यात नाकेदार होते. आई तू लहान असतानाच गेली, म्हणून तुला सोनी नावाच्या कोकणा जमातीच्या बाईनं वाढवलं. तिचं बोलणं तू हुबेहूब करायचीस. "हात नको लावू त्येला, पोरी. आधी त्ये काय करतंय त्ये बघ." तू म्हणायचीस, माझं ट्रेनिंग तिथंच पुरं झालं, पुण्याला नुसता दाखला घ्यायला आले. मी नाशकात मुलींच्या शाळेची हेडबाई झाले आणि पहिलं काम केलं ते तुला बोलावून घेण्याचं. सृष्टिज्ञान शिकवायला कुणी तयार नव्हतं. तो विषय म्हणजे पाठांतर. 'बेडूक पाण्यात व जमिनीवर राहतो.' सहावीच्या मुलींनी तुला हे घडाघडा म्हणून दाखवलं तेव्हा तू विचारलंस, "का राहतो?" मुलींनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "कुणी त्याला विचारलंय का?" असं म्हणून तू सगळ्यांना घेऊन बाहेर गेलीस. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. मला हसूही आलं आणि धास्तीही वाटली.

शाळेच्या मागच्या अंगणात जुनी चिंच होती. तिच्या पलीकडे भिंत आणि भिंतीपलीकडे धान्याची वखार. आषाढात तू चिंचेखाली आणि उघड्या अंगणात सुतळीचे चौकोन आखलेस, हातभर लांब, हातभर रुंद, चार कोपऱ्यांना खुंट्या. दोघींना मिळून एक चौकोन. दर सोमवारी अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. काही उपटायचं नाही, काही मारायचं नाही.

मी तुला म्हटलं, "वत्सला, ह्या मुलींना फायनलला बसायचंय. बैलासारख्या गवताकडे बघत बसल्या तर कसं व्हायचं?"

"बैल गवताकडे बघत नाही, खातो," तू म्हणालीस. "आणि त्याच्या खाण्यानं गवताचं काय होतं, तो पुढचा धडा आहे."

पंधरा दिवसांत मुली आपापसात भांडू लागल्या. उन्हातल्या चौकोनात नाकतोडे जास्त का, सावलीतल्यात गांडुळांची माती जास्त का, मुंग्यांनी वाट बदलली ती पाण्यामुळे की कुणाच्या तरी पायामुळे. तू उत्तर द्यायची नाहीस. "पुढच्या सोमवारी बघा," एवढंच. मला तुझा राग यायचा. मुलींना सांगून टाकायला काय जातं, असं वाटायचं. आपला तो वाद कधी मिटला नाही. शिकवणं म्हणजे सांगणं, हे माझं. शिकवणं म्हणजे न सांगता थांबणं, हे तुझं.

भाद्रपदात जुबेदा धावत आली. विणकराची मुलगी, वर्गात सगळ्यात बारीक, आवाज सगळ्यात मोठा. "बाई, आमच्या चौकोनात काळ्या गोळ्या पडल्यात. लय घाण हे. आत केस दिसतात." बाकीच्या मुलींनी पदर नाकाला लावले. तू मात्र गोळी तळहातावर घेतलीस आणि वर चिंचेच्या ढोलीकडे पाहिलंस. तुझा चेहरा असा उजळला, की मला अजून तो तसाच दिसतो.

घुबडाची जोडी होती ती. पांढऱ्या तोंडाची, गोठ्यांतून राहणारी गव्हाणी घुबडं. घुबड उंदीर गिळतं, आणि जे पचत नाही ते केस आणि हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतं, हे तू मुलींना सांगितलं नाहीस. माझ्या घरची जुनी परात तू मला न विचारता आणली होतीस. तीत कोमट पाणी ओतून गोळ्या भिजत घातल्यास आणि विणायच्या सुया मुलींच्या हातात दिल्यास. घाण म्हणणाऱ्या मुली तासाभरात परातीवर डोकी लावून बसल्या. बोटाच्या पेराएवढ्या कवट्या, पिवळ्या दातांचे जबडे, टाचणीसारख्या फासळ्या. जुबेदानं एक कवटी वेगळी काढली. "ह्याचं तोंड लांब हे, दात पण निराळे. हा उंदीर नाय. चिचुंद्री हे ही." तू तिच्या पाठीवर थाप मारलीस ती इतक्या जोरात, की पोरगी परातीत पडायची.

मग मुलींनी सगळं जोडलं. वखारीत धान्य, धान्यावर उंदीर, उंदरांवर घुबडं, घुबडांना राहायला चिंचेची ढोली. खाली पडलेल्या गोळ्यांतल्या केसांवर बारीक अळ्या, आणि अळ्यांसाठी आलेल्या मुंग्या. तू विचारलंस, "यातलं एक काढलं तर काय होईल?"

जुबेदा म्हणाली, "काढल्याबिगर कसं कळंल, बाई?"

"खरं आहे," तू म्हणालीस. "पण काढल्यावर परत ठेवता येईलच असं नाही."

त्या आठवड्यात एका मुलीनं एक जबडा दप्तरात घालून घरी नेला. तिच्या आजीनं तिला कपड्यांसकट अंघोळ घातली, दप्तर जाळलं आणि मुलीच्या वडिलांना शाळेत पाठवलं. शाळेत हाडं चिवडायला लावतात ही बातमी दोन दिवसांत सराफ बाजारापासून पंचवटीपर्यंत गेली. दसऱ्यानंतर कमिटी बसली. वखारीचे शेठजी कमिटीत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा नातू महिनाभर अंथरुणाला खिळून होता आणि ते घाबरलेले होते.

"हेडबाई, शाळा म्हणजे सरस्वतीचं घर," ते म्हणाले. "तिथं घुबड? आणि आमच्या भिंतीला लागून?"

तू मध्येच म्हणालीस, "शेठजी, घुबड लक्ष्मीचं वाहन. ते तुमच्या वखारीला राखण बसलंय."

दोघे सभासद हसले. शेठजी हसले नाहीत. मीही हसले नाही. मुलीनं हाड घरी नेलं याबद्दल दिलगीर आहे, असं तू लिहून दिलंस. शिकवण्याबद्दल दिलगीर आहे असं लिहायला तू नकार दिलास. तुला बाहेर बसायला सांगितलं, आणि झाडाचं काय करायचं यावर बोलणं सुरू झालं.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. किंवा माहीत असेल, आणि तू कधी बोलली नसशील.

मी तुला सांगितलं, कमिटीनं झाड तोडायचं ठरवलं. ते खोटं होतं. अध्यक्षांनी शेठजींना समजावलं होतं. ते म्हणाले, "शाळा हेडबाईंची, अंगण हेडबाईंचं. त्यांनी ठरवावं. झाड राहू द्या म्हणाल्या तर राहील." शेठजींनीसुद्धा मान हलवली. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या तोंडून निघालं, "तोडलेलं बरं." कागद आला, मी सही केली. तू बाहेर बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होतीस.

का तोडलेलं बरं, हे मला कुणी विचारलं नाही. त्यांना वाटलं, बाई कर्तव्यकठोर आहेत. वत्सला, मी सोळा वर्षांची होते. नवऱ्याच्या जांघेत गाठ आली त्या दिवशी तिन्हीसांजेला घराच्या आढ्यावर घुबड बसलं होतं. सासूबाईंनी त्याला दगड मारले, ते हललं नाही. तिसऱ्या दिवशी हे गेले. पुढे मी शिकले. प्लेग कशानं होतो, पिसवा काय करतात, सगळं वाचलं, मुलींना शिकवलंसुद्धा. आणि तरी तुझ्या तळहातावर ती काळी गोळी पाहिली तेव्हा मी ऑफिसात जाऊन मागची खिडकी लावून घेतली. महिनाभर ती उघडली नाही. तू विचारलंस तेव्हा म्हणाले, धूळ येते.

माघात झाड पडलं. करवती दोन दिवस चालल्या. तू सुटी घेतली नाहीस, वर्ग चालू ठेवलास, गणित शिकवलंस. संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "हेडबाई, तुम्ही उद्याचं वेळापत्रक बघितलंत का?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चार माणसांत आपण एकमेकींना 'तुम्ही' म्हणायचो. एकट्या असताना तुझ्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर दहा महिने तू मला 'तुम्ही'च म्हणालीस. भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू नीट वागायचीस. वह्या वेळेवर, अहवाल वेळेवर, दसऱ्याचं सोनंसुद्धा वेळेवर. माझ्या घरी मात्र आली नाहीस. तुझ्याकडे राहिलेली परात तू घासूनपुसून शाळेच्या कामवाल्या बाईबरोबर पाठवलीस. मी ती फळीवर ठेवली आणि पुन्हा वापरली नाही.

पुढच्या आषाढात तू पुन्हा चौकोन आखलेस, त्याच जागी. मला वाटलं, मला टोचायला करतेस. एका सोमवारी मी मुलींच्या मागे जाऊन उभी राहिले. ओल लवकर आटत होती. गांडुळांची माती नव्हती, दगडांवरचं शेवाळ करपलं होतं. मुली एकेक गेलेली गोष्ट लिहीत होत्या, आणि एकीचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तू चिंचेबद्दल बोलशील. तू म्हणालीस, "गेलं तेवढंच लिहायचं नाही. आलंय काय?" मग मुलींना टाकळ्याची रोपं दिसली, त्यावर अंडी घालणारी पिवळी फुलपाखरं दिसली, पसरत चाललेली हराळी दिसली. तू ते सगळं लिहायला लावलंस. तुझं चिंचेवर प्रेम होतं, पण वहीत तू तिच्या बाजूनं एक ओळ जास्त लिहू दिली नाहीस. मी तिथून निघून गेले. मला टोचायला तू काहीच केलेलं नव्हतंस, आणि तेच मला सोसवेना.

दिवाळीनंतर वखारीत उंदीर मरून पडू लागले. पहिल्या दिवशी चार, मग टोपलीभर. शाळा बंद झाली. शेठजींच्या गल्लीत दोघं प्लेगनं गेली. लोकांनी घरांना कुलपं लावली आणि गावाबाहेर, गंगापूरच्या वाटेवरच्या शेतांत झोपड्या घातल्या. आपण दोघी एकट्या बायका, म्हणून आपल्याला एकच झोपडी मिळाली. पाचटाच्या भिंती, मध्ये एक चूल. आपण प्लेगचं टोचून घेतलेलं, दोघींचे दंड सुजलेले, आणि तू मला म्हणत होतीस, "तुम्ही बसा, मी पाणी आणते."

शेठजी दुपारी शेताच्या बांधावर येऊन उभे राहिले. माणूस आठ दिवसांत म्हातारा झाला होता. म्हणाले, "वत्सलाबाई, तुमचं खरं होतं. राखण आम्हीच घालवली. घुबडं असती तर हे झालं नसतं."

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझी वेळ आली होती. तू 'हो' म्हणाली असतीस तर सगळं नाशिक तुझ्या बाजूनं झालं असतं, आणि मला तो मार सोसायचा होता.

तू डोक्यावरची घागर खाली ठेवलीस. "नाही, शेठजी. तसं मनाला लावून घेऊ नका. एका जोडीनं वखारीतले सगळे उंदीर संपत नाहीत. साथ इतर ठिकाणीही आहे, आणि तिथल्या झाडांना कुणी हात लावलेला नाही. घुबडं असती तर उंदीर थोडे कमी असते, कदाचित. कदाचितच्या पुढे मला माहीत नाही."

शेठजी रडायला लागले. तू त्यांना पाणी दिलंस.

ते गेल्यावर मी म्हटलं, "वत्सला, हो म्हणायचं होतंस की गं." दहा महिन्यांत माझाही सूर असा सैल पडला नव्हता.

"आणि मुलींना काय सांगू?" तू म्हणालीस. "न पाहिलेलं लिहू नका असं वर्षभर सांगायचं, आणि आपल्या सोयीचं आलं की लिहायचं?" मग चुलीत काटकी सारता सारता, मान वर न करता तू विचारलंस, "इंदू, तुला घुबडाची भीती वाटते ना?"

इंदू म्हणालीस. 'तुला' म्हणालीस. मी इतकी हरखले की प्रश्न नीट ऐकलाच नाही, आणि ऐकला तेव्हा सवयीनं म्हणाले, "छे! काहीतरीच काय."

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. रागावली नाहीस. "बरं," म्हणालीस, आणि भाकरी उलटलीस.

तेव्हा सांगायला हवं होतं. पुढे महिनाभर आपण त्या झोपडीत राहिलो. तू मला आकाशातून जाणारे क्रौंच दाखवलेस, उसाच्या पाचटात घर करणाऱ्या गांधीलमाशीशी माझी ओळख करून दिलीस. आपण पुण्याच्या दिवसांसारख्या हसलो. लोक संकटात होते आणि मी सुखात होते, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. रोज वाटे, उद्या सांगू. मग परतलो, शाळा उघडली, टोचणीच्या याद्या, बुडालेले तास. फाल्गुनात तुला थंडी भरून आली. फुप्फुसांना सूज आहे, डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी तुला बोलवेना. मी उशाशी बसून म्हटलं, "वत्सला, ती सही..." तू माझा हात धरलास. दाबलास की नुसता धरलास, हे मला ठरवता येत नाही. तुझ्या शिस्तीप्रमाणे मी एवढंच लिहिते, की धरलास.

लोक काय बोलतात ते तुला सांगायला नको. घुबडाच्या हाडांना हात लावला, म्हणून गेली. शोकसभेनंतर एका मुलीच्या आईनं माझ्या तोंडावर हे म्हटलं. मी गप्प राहिले नाही, एवढं तुला कळावं. आणि काल सातवीच्या वर्गात जाऊन मी मुलींना सगळं सांगितलं. झाड कमिटीनं नाही, मी तोडलं. कारण मला भीती वाटली. माझे यजमान गेले तेव्हा घुबड बसलं होतं, म्हणून.

जुबेदानं हात वर केला. "आता नाय ना वाटत, बाई?"

"वाटते," मी म्हटलं.

तिनं हात खाली घेतला. मग म्हणाली, "माझ्या अब्बांना पालीची वाटते. पण ते मारत नाहीत."

आज मी त्यांना घेऊन तपोवनाच्या खालच्या अंगाला नदीवर गेले. कमिटीची परवानगी घेतली नाही. बोलावतील तेव्हा जाईन. चैत्राचं पाणी, घोट्याएवढं, तळ स्वच्छ दिसत होता. मुलींनी दगड उलटायला सुरुवात केली. मी "जपून गं" यापलीकडे काही बोलले नाही. मला येतच काय होतं? जुबेदानं एक दगड माझ्यापुढे धरला. त्याच्या खालच्या अंगाला वाळूच्या कणांची नळी चिकटलेली, गव्हाच्या दाण्याएवढी, गवंड्यानं बांधावी तशी. तिच्या तोंडातून काहीतरी बाहेर आलं आणि चटकन आत गेलं.

"बाई, ह्यात जीव हे! ह्यानं हे घर बांधलं, का दुसऱ्यानं बांधलेलं होतं त्यात हा राहायला आला?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. शिक्षिका म्हणून इतक्या वर्षांत हे वाक्य मी वर्गापुढे पहिल्यांदा उच्चारलं.

त्यांनी तो दगड होता तसा पाण्यात ठेवला आणि भोवती बसल्या. मीही बसले, लुगडं भिजलं तरी. ऊन चढलं. दोनदा तो जीव डोकावला. बाकी काही कळलं नाही. मुली कंटाळल्या नाहीत. मला मात्र तुझी आठवण इतकी आली, की पाणी दिसेनासं झालं. तू मुलींना काय विचारलं असतंस, याचा मी अंदाज बांधत बसले. एक प्रश्न सुचला, दुसरा सुचला. पण ते माझेच होते गं. तू दर वेळी मला न सुचलेलंच काहीतरी विचारायचीस. तो प्रश्न मला हवा आहे, आणि तो आता कुठूनही येणार नाही.

तुझी,
इंदू